गोळीचे खरे नाव

वाचकहो, आपल्या घरातील औषधांचा डबा एकदा समोर घ्या. त्यातील प्रत्येक गोळीला घराने स्वतःचे एक नाव दिलेले असते. ‘बीपीची पांढरी’, ‘शुगरची जेवणाआधीची’, ‘रात्रीची अर्धी’, ‘गुडघ्याची लाल’. ही नावे सोयीची असतात आणि रोजच्या व्यवहारात त्यांनी भागतेही. परंतु दुकानदार एखाद्या दिवशी दुसऱ्या कंपनीची गोळी देतो, पांढरीची गुलाबी होते आणि घरात गोंधळ उडतो. किंवा रात्री अपरात्री रुग्णालयात जावे लागते, तेथील डॉक्टर विचारतात, ‘आजोबांना कोणती औषधे चालू आहेत?’ आणि उत्तर मिळते, ‘एक छोटी पांढरी, एक पिवळी.’ बाजारात छोट्या पांढऱ्या गोळ्या शेकडो आहेत. त्या क्षणी हे उत्तर असून नसल्यासारखेच असते.

म्हणून या लेखात एका वेगळ्या विषयाकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. तो विषय आहे कार्बनी रसायनशास्त्रातील नावे आणि आकृत्या. हे वाचून आपण दचकाल याची मला कल्पना आहे. शाळेत ज्या विषयाला आपण वचकून होतो, तो उतारवयात कशासाठी? कारण आपण रोज घेत असलेल्या बहुतेक गोळ्या ही कार्बनी संयुगेच आहेत आणि त्यांच्या नावांना एक व्याकरण आहे. हे व्याकरण संपूर्ण शिकण्याची गरज नाही. त्याची मुळाक्षरे ओळखता आली तरी गोळीच्या पट्टीवरील मजकूर आपल्याशी बोलू लागतो.

एका गोळीची तीन नावे

आपल्याकडे माणसाला घरात बंडू म्हणतात, शाळेच्या दाखल्यावर त्याचे नाव वेगळे असते आणि सातबाऱ्यावर वडिलांच्या नावासह, आडनावासह संपूर्ण ओळख असते. औषधाचेही तसेच आहे. कंपनीने दिलेले व्यापारी नाव हे त्याचे लाडके नाव. क्रोसिन, कालपोल, डोलो ही अशीच लाडकी नावे. दुसरे नाव म्हणजे मूळ किंवा जेनेरिक नाव. वरील तिघांचेही मूळ नाव एकच आहे, पॅरासिटामॉल. तिसरे असते रासायनिक नाव, ज्यात त्या रेणूची सारी कुळी सांगितलेली असते. पॅरासिटामॉलचे रासायनिक नाव आहे ‘एन-(४-हायड्रॉक्सिफिनाइल) असिटामाइड’. हे नाव पाठ करायचे नाही. मात्र ते कसे तयार झाले हे पाहिले, तर मधल्या नावाचा अर्थ कळतो, आणि रोजच्या उपयोगाचे नाव तेच आहे.

चार हातांचा कार्बन

एके काळी असा समज होता की, सजीवांच्या शरीरात आढळणारे पदार्थ केवळ सजीवच निर्माण करू शकतात. त्यासाठी एखादी गूढ जीवनशक्ती लागते, असे मानले जाई. १८२८ साली फ्रीडरिश व्होलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत अमोनियम सायनेटपासून युरिया तयार करून दाखवला आणि त्या समजाला तडा गेला. आपल्या रक्ततपासणीच्या अहवालात मूत्रपिंडाच्या रकान्यात जो ‘युरिया’ लिहिलेला असतो, तोच हा पदार्थ.

या संयुगांचा कणा म्हणजे कार्बन. कार्बनच्या अणूला चार हात आहेत अशी कल्पना करा. या हातांनी तो दुसऱ्या कार्बनचा हात धरतो आणि फुगडीपासून लेझीमच्या रांगेपर्यंत हव्या त्या रचना करतो. उरलेले हात बहुधा हायड्रोजन धरतो. रांगेत कार्बन किती आहेत, हे नावाच्या सुरुवातीला सांगितलेले असते. एक असेल तर ‘मिथ’, दोन असतील तर ‘इथ’, तीन ‘प्रोप’, चार ‘ब्युट’. पुढे पाच म्हणजे ‘पेंट’, सहा म्हणजे ‘हेक्झ’.

ही नावे आपल्या घरात आधीपासून वावरत आहेत. गोबरगॅसमध्ये आणि नळाने येणाऱ्या गॅसमध्ये असतो तो मिथेन, म्हणजे एका कार्बनचा. स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये असतात प्रोपेन आणि ब्युटेन, म्हणजे तीन आणि चार कार्बनचे. कार्बनांनी एकमेकांचा एकच हात धरला असेल तर नावाचा शेवट ‘एन’ असा होतो, उदाहरणार्थ इथेन. दोन हात धरले तर ‘इथीन’, तीन धरले तर ‘इथाइन’. अढीत घातलेले आंबे पिकतात ते फळांतूनच निघणाऱ्या इथीन वायूमुळे. आंबे झटपट पिकवण्यासाठी काही व्यापारी कॅल्शियम कार्बाइडची पुडी वापरतात, तिच्यापासून निघतो तो इथाइन, म्हणजेच ॲसिटिलीन. कार्बाइडने फळे पिकवण्यास कायद्याने बंदी आहे. एका हाताच्या फरकाने नाव बदलते, आणि नावाबरोबर पदार्थही बदलतो.

शेवटचे अक्षर काय सांगते?

नावाचा आरंभ संख्या सांगतो, तर शेवट स्वभाव सांगतो. शेवटी ‘ऑल’ आले की समजावे, या रेणूला ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांची जोडी चिकटलेली आहे. ‘ऑइक ॲसिड’ आले की आम्ल. ‘अमाइन’ आले की त्यात नायट्रोजन आहे. शाळेच्या पुस्तकात यांना क्रियात्मक गट म्हणतात. रेणूचे वागणे मुख्यत्वे हे गट ठरवतात.

आता दोन नावे शेजारी ठेवा. मिथेनॉल आणि इथेनॉल. दोघेही ‘ऑल’, दोघेही रंगहीन, वासानेही सहज वेगळे न ओळखता येणारे. फरक एका कार्बनचा. इथेनॉल म्हणजे मद्यातील अल्कोहोल. मिथेनॉल हे उद्योगात लागणारे विद्रावक. ते पोटात गेल्यास शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल होते आणि ते डोळ्यांच्या नसेवर आघात करते. या आम्लाचे नाव लॅटिनमधील मुंगीच्या ‘फॉर्मिका’ या नावावरून आले आहे, कारण ते प्रथम मुंग्यांपासून मिळवले गेले. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी भागात मिथेनॉल मिसळलेली दारू पिऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. पिणाऱ्यांना ती नेहमीचीच दारू वाटली होती.

दुसरे उदाहरण वैद्यकाच्या इतिहासातील आहे आणि तेही मुंबईचेच. ग्लिसरॉल, ज्याला आपण ग्लिसरीन म्हणतो, त्यात तीन कार्बन आणि तीन ‘ऑल’ असतात. ते दाट, गोड आणि निरुपद्रवी असते. डायइथिलीन ग्लायकॉल हा दुसरा पदार्थही दाट, गोड आणि रंगहीन असतो, पण तो मूत्रपिंड निकामी करतो. १९८६ च्या आरंभी जे. जे. रुग्णालयात रुग्णांना दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये हा दुसरा पदार्थ मिसळलेला होता. त्यात चौदा रुग्णांचा मृत्यू झाला. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्या प्रकरणाची चौकशी केली. डोळ्यांना आणि जिभेला जो फरक कळत नाही, तो नावात आणि आकृतीत स्पष्ट दिसतो. म्हणून तर रसायनशास्त्रज्ञांनी नावांबाबत इतका काटेकोरपणा ठेवला. १८९२ साली जिनिव्हा येथे भरलेल्या परिषदेत नामकरणाचे सामाईक नियम ठरवण्यास आरंभ झाला आणि १९१९ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, आययूपॅकने, ते काम पुढे चालवले.

आता कागद आणि पेन्सिल घ्या

रेणू काढणे हे रांगोळी काढण्याइतके सोपे आहे. काही संकेत तेवढे माहीत हवेत. कार्बनची रांग सरळ न काढता नागमोडी काढतात. प्रत्येक कोपरा आणि प्रत्येक मोकळे टोक म्हणजे एक कार्बन. कार्बनवरील हायड्रोजन लिहीत नाहीत, ते गृहीत धरतात. बाकीचे अणू मात्र अक्षरांनी लिहितात.

प्रथम एक तिरकी रेघ वर काढा आणि तेथून दुसरी खाली उतरवा. घराच्या छपरासारखा आकार झाला. दोन टोके आणि मधला कोपरा मिळून तीन कार्बन, म्हणजे हा प्रोपेन. आता छपराच्या माथ्यावर एक उभी रेघ काढून तिच्या टोकाला ‘ओएच’ लिहा. हा झाला प्रोपेन-२-ऑल. मधला ‘२’ हा आकडा सांगतो की, ‘ऑल’ दुसऱ्या कार्बनवर आहे. हातांवर चोळावयाच्या सॅनिटायझरच्या बऱ्याच बाटल्यांवर ‘आयसोप्रोपिल अल्कोहोल’ असे छापलेले असते, तो हाच रेणू. आपण आताच एक नाव वाचले आणि त्याची आकृतीही काढली.

यानंतर मधमाशीच्या पोळ्यातील कप्प्यासारखा षटकोन काढा, एक कोपरा वर आणि एक खाली येईल असा. एकाआड एक बाजूला आतून दुसरी रेघ द्या. हे बेंझिनचे कडे. सहा कार्बनांनी एकमेकांचे हात धरून फेर धरला आहे. १८६५ साली ऑगुस्ट केकुले यांनी ही वर्तुळाकार रचना मांडली. स्वतःची शेपटी तोंडात धरलेला साप डुलकीत दिसला आणि त्यातून ही कल्पना सुचली, असे त्यांनी पुढे १८९० मध्ये सांगितले.

या षटकोनाच्या वरच्या कोपऱ्यावर ‘ओएच’ लिहा. बेंझिनला ‘ऑल’ जोडला, तो झाला फिनॉल. आता अगदी समोरच्या, म्हणजे खालच्या कोपऱ्यावर एक रेघ काढून ‘एनएच’ लिहा. त्यापुढे एक कार्बन, त्याला दोन रेघांनी जोडलेला ‘ओ’, आणि शेवटी आणखी एका कार्बनचे टोक. ही दोन कार्बनांची जोडणी म्हणजे असेटिल गट. व्हिनेगरमध्ये जे असेटिक आम्ल असते त्याच घराण्यातला. समोरासमोरच्या जागेला रसायनशास्त्रात ‘पॅरा’ म्हणतात. आता सारे एका दमात वाचा. पॅरा, असेटिल, अमिनो, फिनॉल. यांतील तुकडे जोडून झाले पॅर-असिट-ॲम-ऑल. आपल्या कागदावर आहे तो पॅरासिटामॉल.

त्याच षटकोनाच्या शेजारशेजारच्या दोन कोपऱ्यांवर, एका ठिकाणी आम्लाचा ‘सीओओएच’ हा गट आणि दुसऱ्या ठिकाणी ऑक्सिजनमार्फत असेटिल गट लावला, तर तो होतो असेटिल सॅलिसिलिक आम्ल, म्हणजे ॲस्पिरिन. ‘सॅलिसिलिक’ हा शब्द विलो वृक्षाच्या लॅटिन नावावरून, ‘सॅलिक्स’वरून आला. १८९९ मध्ये बायर कंपनीने त्याला ॲस्पिरिन हे व्यापारी नाव दिले. दोन्ही आकृत्या शेजारी ठेवून पाहा. कडे तेच, असेटिल तोच. परंतु एक औषध रक्त गोठण्याची क्रिया मंद करते आणि हृदयरोग्याला अल्प मात्रेत रोज दिले जाते. दुसरे तसे करत नाही. ‘दोन्ही डोकेदुखीच्याच गोळ्या’ असे म्हणून त्यांची अदलाबदल करू नये, याचे कारण आपल्या कागदावर उमटलेले आहे.

नाव कळले तर बेरीज करता येते

आता या ज्ञानाचा सर्वांत महत्त्वाचा उपयोग पाहू. ताप आलेल्या आजीला सून ६५० मिलिग्रॅमची तापाची गोळी दिवसातून चार वेळा देते. आजी गुडघ्यासाठी सकाळ-संध्याकाळ एक जोडगोळी आधीपासून घेत आहे, तीत ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते. सर्दीसाठी मुलाने दुकानातून आणलेली तिसरी गोळी दिवसातून तीनदा, तीत ५०० मिलिग्रॅम. घराच्या दृष्टीने ही तीन दुखण्यांची तीन औषधे झाली. पट्टीवरची नावे वाचली तर एकच औषध तीन वेषांत आलेले दिसते. बेरीज करा: २६०० अधिक ६५० अधिक १५००, म्हणजे ४७५० मिलिग्रॅम. धडधाकट प्रौढाला चोवीस तासांत ४००० मिलिग्रॅम ही वरची मर्यादा मानतात. वय फार असेल, वजन कमी असेल, यकृताचा विकार असेल किंवा मद्यपानाची सवय असेल, तर मर्यादा याहूनही खाली आणावी लागते. मर्यादा ओलांडली तर यकृताला इजा होते आणि आरंभीचा एखादा दिवस रुग्णाला फारसे काही जाणवतही नाही. येथे कोणाचाही हेतू वाईट नव्हता. नावे वेगळी दिसली, एवढेच.

ज्यांची मुले अमेरिकेत आहेत त्यांच्यासाठी आणखी एक सूचना. पॅरासिटामॉलला तेथे ‘असेटॅमिनोफेन’ म्हणतात. त्याच लांब नावातील वेगळे तुकडे तेथील लोकांनी उचलले, असिट-अमिनो-फेन. रेणू एकच. लेकीने पाठवलेल्या टायलेनॉलच्या बाटलीतील गोळ्या आणि आपल्या घरातील तापाच्या गोळ्या एकाच दिवशी घेतल्या, तर दुप्पट मात्रा होते. त्याचप्रमाणे दम्याच्या फवाऱ्यातील सालब्युटामॉल तेथे ‘अल्ब्युटेरॉल’ होते. परदेशी जाताना किंवा तेथून येताना दोन्ही नावे लिहून ठेवावीत.

औषधांची घराणी

जगभर एका औषधाला एकच मूळ नाव असावे, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने १९५० मध्ये ठराव केला आणि १९५३ मध्ये अशा नावांची पहिली यादी प्रसिद्ध केली. या पद्धतीत एकाच प्रकारे काम करणाऱ्या औषधांना बहुधा समान तुकडा देतात, आपल्याकडील ‘कर’ किंवा ‘वार’ या आडनावांसारखा. वृद्धांच्या डब्यात हमखास आढळणारी काही घराणी अशी:

• ‘प्रिल’: रॅमिप्रिल, एनालाप्रिल. रक्तदाब आणि हृदयासाठी. कोरडी ढास लागून राहिली तर डॉक्टरांना सांगावे.

• ‘सार्टन’: टेल्मिसार्टन, लोसार्टन, ओल्मेसार्टन. हीदेखील रक्तदाबासाठी. प्रिल आणि सार्टन एकाच डब्यात दिसल्यास अवश्य विचारावे. दोन्ही एकत्र घेतल्याने रक्तातील पोटॅशियम वाढू शकते आणि मूत्रपिंडावर ताण येतो.

• ‘ओलॉल’: मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल, बिसोप्रोलॉल. नाडी मंद करतात. ही औषधे एकाएकी बंद करू नयेत.

• ‘डिपिन’: ॲम्लोडिपिन, सिल्निडिपिन, निफेडिपिन. रक्तवाहिन्या सैल करतात. घोट्यांवर सूज आल्यास या घराण्याची आठवण ठेवावी.

• ‘व्हॅस्टॅटिन’: ॲटॉर्व्हॅस्टॅटिन, रोसुव्हॅस्टॅटिन. कोलेस्टेरॉलसाठी. अकारण स्नायू फार दुखू लागल्यास कळवावे.

• ‘ग्लिप्टिन’ आणि ‘ग्लिफ्लोझिन’: सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन तसेच डापाग्लिफ्लोझिन. मधुमेहासाठी. आरंभी ‘ग्लि’ असलेली ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड ही निराळी शाखा. जेवण चुकले तर या शाखेच्या औषधांनी साखर धोकादायक खाली येऊ शकते.

• ‘झेपाम’ आणि ‘झोलाम’: क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम. झोप आणि अस्वस्थतेसाठी. रात्री उठताना तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो.

• ‘फेनॅक’ आणि ‘प्रोफेन’: डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन. वेदनाशामक. जठर आणि मूत्रपिंड जपून, थोडे दिवस, सल्ल्यानेच.

• ‘सिलिन’: ॲमॉक्सिसिलिन, ॲम्पिसिलिन. पूर्वी पेनिसिलिनची ॲलर्जी झाली असेल तर हे घराणे दिसताच थांबावे आणि विचारावे.

आरशातील प्रतिमा

आकृती काढणाऱ्याला आणखी एक मौज कळते. आपला डावा आणि उजवा हात सारखेच दिसतात, पण उजव्या हाताचा मोजा डाव्यात बसत नाही. काही रेणूंचेही असेच डावे-उजवे रूप असते. साध्या ॲम्लोडिपिनमध्ये दोन्ही रूपे निम्मी निम्मी असतात आणि रक्तदाब उतरवण्याचे काम मुख्यतः त्यांतील एकच रूप करते. तेवढेच वेगळे काढून विकले जाते, त्याला ‘एस-ॲम्लोडिपिन’ म्हणतात. म्हणून साध्या ॲम्लोडिपिनच्या ५ मिलिग्रॅमचे काम एस-ॲम्लोडिपिन २.५ मिलिग्रॅममध्ये करते. नावाआधीच्या एका अक्षराने मात्रा निम्मी होते. सेटिरिझिन आणि लेव्होसेटिरिझिन यांचे नातेही असेच. ‘लेव्हो’ म्हणजे डावा.

माझ्या दवाखान्यात सत्तरी ओलांडलेले एक शेतकरी गृहस्थ आले होते. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, दोनदा तोल गेला, अशी त्यांची तक्रार होती. उभे राहिल्यावर त्यांचा रक्तदाब बराच उतरत होता. शहरातील मुलाकडे असताना तेथील डॉक्टरांनी एक गोळी दिली होती, गावी परतल्यावर जुनी गोळीही चालूच राहिली. एका पट्टीवर ॲम्लोडिपिन होते, दुसरीवर एस-ॲम्लोडिपिन. कंपन्या वेगळ्या, रंग वेगळे, व्यापारी नावांत काहीही साम्य नाही. त्यांच्यासोबत दहावीत शिकणारी नात होती. दोन्ही पट्ट्या हातात घेऊन तिनेच प्रथम विचारले, ‘डॉक्टरकाका, हे दोन्हींत डिपिन कसे?’ एक गोळी थांबवली, पंधरा दिवसांनी पुन्हा तपासले. अंधारी थांबली होती. तो प्रश्न घरी, पहिल्याच दिवशी विचारला गेला असता, तर दोनदा पडणे टळले असते.

पाठोपाठ येणारा दुसरा शब्द

कधी मूळ नावानंतर आणखी एक शब्द असतो. ॲम्लोडिपिन बेसिलेट, डायक्लोफेनॅक सोडियम. हा त्या औषधाचा क्षार होय. गोळी स्थिर राहावी, नीट विरघळावी यासाठी तो जोडतात. बहुतेक वेळा रुग्णाला त्याकडे लक्ष देण्याचे कारण नसते. मेटोप्रोलॉल मात्र अपवाद आहे. मेटोप्रोलॉल सक्सिनेट हे सावकाश विरघळणाऱ्या गोळीच्या रूपात बहुधा दिवसातून एकदा देतात, तर मेटोप्रोलॉल टार्ट्रेट साधारणतः दोनदा घ्यावे लागते. दुकानदाराने एकाऐवजी दुसरे दिले तर ‘दोन्ही मेटोप्रोलॉलच’ असे समजून स्वस्थ बसू नये. सावकाश विरघळणारी गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुटूनही देऊ नये.

या विद्येची मर्यादा

शेपटीवरून घराणे ओळखणे ही प्रश्न विचारण्याची विद्या आहे, उपचार ठरवण्याची नव्हे. आडनाव सारखे म्हणून प्रत्येक जण नातलग असतोच असे नाही. निस्टॅटिन या नावात ‘स्टॅटिन’ आहे, पण ते बुरशीवरील औषध आहे. सालब्युटामॉलचा शेवट ‘ऑल’ आहे, म्हणून ते ‘ओलॉल’ घराण्यातील नव्हे. उलट सालब्युटामॉल श्वासनलिका मोकळ्या करते, तर ‘ओलॉल’ घराण्यातील प्रोप्रॅनोलॉल दमेकऱ्याच्या श्वासनलिका आकसवू शकते. शिवाय एका घराण्यातील दोन औषधे डॉक्टर कधी कधी विचारपूर्वकही देतात. म्हणून डब्यात दोन सारखी नावे दिसली तर स्वतःहून कोणतीही गोळी बंद करू नये. पट्ट्या घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि विचारावे.

घरी एवढे करावे

१. पट्टीवर ‘टॅब्लेट्स आय. पी.’ अशा अक्षरांनी संपणारी ओळ शोधावी. ‘आय. पी.’ म्हणजे भारतीय औषधकोश. त्या ओळीत बहुधा मूळ नाव असते. ती ओळ नसेल किंवा जोडगोळी असेल तर ‘प्रत्येक गोळीत’ या अर्थाच्या इंग्रजी मजकुराखालील घटक आणि मात्रा वाचाव्यात.

२. एका पुठ्ठ्यावर मोठ्या देवनागरी अक्षरांत मूळ नाव, मात्रा, वेळ आणि ‘कशासाठी’ असे चार रकाने करावेत. व्यापारी नाव कंसात लिहावे. इंग्रजी वाचता न येणाऱ्या आजीलाही मग ‘टेल्मिसार्टन’ वाचता येईल.

३. या पुठ्ठ्याचे छायाचित्र घरातील प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये ठेवावे. रुग्णालयात जाताना पुठ्ठा आणि मूळ पट्ट्या दोन्ही सोबत न्याव्यात.

४. पट्टी कापताना नाव आणि मुदत छापलेला भाग शेवटपर्यंत राखावा. गोळ्या सुट्या करून बिनानावाच्या डबीत भरू नयेत. आठवड्याच्या कप्प्यांचा डबा वापरत असाल तर त्यावर पुठ्ठ्याची प्रत चिकटवावी.

५. नवे औषध आले की, घरातील जुन्या प्रत्येक नावाशी ताडून पाहावे. तोच शब्द किंवा तीच शेपटी दिसली तर पहिला डोस घेण्यापूर्वी फोन करावा.

६. ॲलर्जी झालेल्या औषधाचे मूळ नाव पुठ्ठ्याच्या माथ्यावर लाल शाईने लिहावे.

महाराष्ट्र मंडळाच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘कार्बनी संयुगे’ नावाचे प्रकरण आहे. घरात नातवंड त्या वर्गात असेल तर आठवड्यातून एकदा अर्धा तास दोघांनी एकत्र बसावे. त्याने पुस्तकातील नाव सांगावे, आपण आकृती काढावी, आणि शेवटी डब्यातील एक पट्टी काढून तिचे नाव फोडून पाहावे. नातवंडाला गुण मिळतील. आपल्याला रोज पोटात जाणाऱ्या गोष्टीची ओळख होईल. हात थरथरत असेल तर षटकोन वाकडा येईल, त्याची चिंता नको. त्यावर ‘ओएच’ कोठे आहे हे सांगता आले म्हणजे पुरे.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा ‘बीपीची पांढरी’ असे न म्हणता औषधाचे नाव घेऊन पाहा. डॉक्टर दोन मिनिटे अधिक बोलतील, असा माझा अनुभव आहे. आणि त्या दोन मिनिटांत एखादी अनावश्यक गोळी डब्यातून बाहेर पडण्याची शक्यता बरीच असते.